वहीतला माल आणि गोदामातला माल
(जयपूर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृती व्याख्यानमालेत अंतर्गत लेखापरीक्षणासारखा विषय ठेवायला संयोजकांना थोडं धाडस करावं लागलं असेल. इतिहास, नाटक, संतसाहित्य यांवर बोलणारे पुष्कळ मिळतात आणि ऐकणारेही. पण आज पुढच्या रांगांत सीएची आर्टिकलशिप करणारी मुलंमुली दिसताहेत. बँकांत आणि पतसंस्थांत काम करणारी मंडळी दिसताहेत. आणि मागे बरेच निवृत्त लोक बसले आहेत, ज्यांची आयुष्यभराची पुंजी कुठल्या ना कुठल्या बँकेत ठेव म्हणून आहे. या तिघांचाही या विषयाशी संबंध आहे. तिसऱ्यांचा सगळ्यांत जास्त.

मला दिलेला प्रश्न असा आहे: अंतर्गत लेखापरीक्षक म्हणून चांगलं करिअर करायचं तर काय शिकावं? परीक्षा कुठल्या द्याव्यात हे मी सांगत बसणार नाही. सीए आहे, कॉस्ट अकाउंटन्सी आहे, सीआयए ही अंतर्गत लेखापरीक्षणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. त्यांची माहिती कुठेही मिळते. मी बोलणार आहे ते परीक्षा पास झाल्यानंतरचं, आणि त्यासाठी पहिल्यांदा तुम्हाला इथून जवळच घेऊन जातो.

आग्र्याच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की मेहंदीपूर बालाजी येतं. तुमच्यापैकी अनेकांनी तिथे दर्शन घेतलं असेल. तिथल्या स्टेट बँकेच्या शाखेत नाण्यांचा मोठा साठा असायचा. देवस्थानाचं गाव, त्यामुळे त्यात नवल काही नाही. रोख शिल्लकेत तफावत असल्याचा संशय आला म्हणून 2021 च्या ऑगस्टमध्ये बँकेने ही नाणी मोजायला घेतली. वहीप्रमाणे नाणी होती 13 कोटी रुपयांहून अधिक. मोजून निघाली सुमारे 2 कोटींची, तीनेक हजार पिशव्या. 11 कोटींहून जास्त रकमेची नाणी जागेवर नव्हती. मोजणी करणाऱ्या माणसांना रात्री येऊन धमकावल्याचीही तक्रार झाली. बँक उच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल 2022 मध्ये तपास सीबीआयकडे आला.

दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो या सभागृहातल्या प्रत्येक तरुण ऑडिटरला आहे. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. गहाळ झालेली सगळीच नाणी दहा रुपयांची होती असं धरा. 11 कोटींची नाणी म्हणजे एक कोटी दहा लाख नग. वजन किती झालं? जवळपास 85 टन. एक-दोन-पाच रुपयांची नाणी धरली तर आकडा आणखी वाढतो. हा काही खिशात घालून नेण्यासारखा माल नाही. हा माल ठेवायला खोल्या लागतात, उचलायला ट्रक लागतात. मग इतका माल वहीत आहे आणि खोलीत नाही, हे कळायला काय लागतं? कायद्याचं ज्ञान लागतं का? सॉफ्टवेअर लागतं का? खोलीचं दार उघडून आत उभं राहावं लागतं, आणि समोरचा ढीग वहीतल्या आकड्याएवढा आहे का, असं स्वतःला विचारावं लागतं.

आपल्या व्यवसायाचं सगळं मर्म मला इथे दिसतं. वहीत एक गोष्ट लिहिलेली असते आणि जागेवर एक गोष्ट असते. त्या दोहोंमधलं अंतर मोजायचं, आणि ते ज्याला सांगायला हवं त्याला वेळेवर सांगायचं. पहिलं अर्धं काम कष्टाचं आहे, दुसरं हिमतीचं आहे. पहिलं पुष्कळ जण शिकतात. करिअर घडतं की बिघडतं ते दुसऱ्यावर.

पण आधी पहिल्याबद्दल बोलू.

जागेवर जाऊन पाहणं म्हणजे काय, याचा सगळ्यांत मोठा धडा या देशाला दिला तो राजस्थाननेच, आणि तो देणाऱ्यांत एकही चार्टर्ड अकाउंटंट नव्हता. 1990 साली राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या खेड्यात मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती. विचारलं की उत्तर एकच यायचं, कागदावर तुमचं काम कमी भरलं आहे. मग मजूर म्हणाले, तो कागद दाखवा. 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनवाई झाली. तिथे काय केलं? हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली. बस, एवढंच. नाव वाचायचं आणि त्या माणसाला विचारायचं, तू या कामावर होतास का? तुला एवढे पैसे मिळाले का?

लक्षात घ्या, कार्यालयात बसून पाहिलं तर त्या हजेरीपटात काहीच वावगं नव्हतं. बेरजा बरोबर होत्या. सह्या होत्या, अंगठे होते. व्हाउचर जागच्या जागी होतं. आपल्यातला कुठलाही घाईतला ऑडिटर त्यावर हिरव्या पेनाने टिक करून पुढे गेला असता. कागद कागदाशी जुळत होता. तो माणसाशी जुळत नव्हता.

महाराष्ट्रातल्या लोकांना हे नवीन नाही. रोजगार हमीचा कायदा आपल्याकडे 1977 सालचा, आणि खोट्या हजेरीपटांच्या कथा तेव्हापासूनच्या. पण त्या कथांमधून तपासणीची पद्धत उभी केली ती इथल्या मजुरांनी. 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवस धरणं झालं, 1997 मध्ये इथे जयपुरात 53 दिवस. 2000 साली राजस्थानचा माहिती अधिकार कायदा झाला, 2005 मध्ये देशाचा. आणि रोजगार हमीच्या राष्ट्रीय कायद्यात सतराव्या कलमाने सामाजिक अंकेक्षण आलं. ज्याच्या नावावर पैसा पडला त्यालाच जाऊन विचारा, ही साधी रीत कायद्याच्या पुस्तकात शिरायला अकरा वर्षं लागली.

तुम्ही कारखान्यात असाल, हॉस्पिटलमध्ये असाल, सॉफ्टवेअर कंपनीत असाल. कोट किरानाची रीत तिथेही लागू पडते. कंत्राटी कामगारांचं बिल तपासताय? गेटवरच्या सुरक्षारक्षकाचं रजिस्टर मागवा, कँटीनमध्ये त्या दिवशी किती ताटं लागली ते विचारा, आणि पाळी सुटताना पाच-दहा कामगारांशी बोला. बिल काढणाऱ्या माणसाने दिलेला पुरावा, तोच माणूस बरोबर आहे हे ठरवायला चालत नाही. पुरावा दुसरीकडून आला पाहिजे.

हे तत्त्व या शहराला तीनशे वर्षांपासून माहीत आहे. सवाई जयसिंहाने जंतरमंतर का बांधलं? पितळेची यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात, मापं चुकतात, हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रं उभारली. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. एका ठिकाणच्या वेधावर तो थांबला नाही. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी, उज्जैन, अशा पाच ठिकाणी वेधशाळा केल्या, एका ठिकाणचं निरीक्षण दुसऱ्या ठिकाणाहून पडताळता यावं म्हणून. युरोपातून ला हीर या खगोलज्ञाची कोष्टकं मागवली, ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक दाखवून दिला. परदेशातून आलं, मोठ्या माणसाचं आहे, म्हणून मान्य केलं नाही. आणि या कामात त्याच्या पदरी होता तो आपला एक मराठी पंडित, जगन्नाथ सम्राट. त्याने टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. जयपूरकर मराठी माणसाने हे नाव अभिमानाने सांगावं.

आता पुढच्या मुद्द्याकडे येतो. जागेवर गेलात, दार उघडलंत, आत उभे राहिलात. पण समोर जे आहे ते तुम्हाला कळतं का?

इथल्या जोहरी बाजाराचं उदाहरण घ्या. समजा, एका निर्यातदाराकडे तुम्ही वर्षअखेरचा साठा मोजायला गेलात. पाचू आहेत, कागदाच्या पुड्यांत बांधलेले. प्रत्येक पुडीवर वजन लिहिलेलं, कॅरेटमध्ये. तुम्ही काटा मागवता, पुडी उघडता, वजन करता. वहीत 42.60, काट्यावर 42.60. पुढची पुडी. शंभर पुड्या जुळल्या, तुम्ही खुश. तुम्ही नेमकं काय तपासलंत? वजन तपासलंत. पाचू तपासले नाहीत. त्याच वजनाचे हलके खडे आत असतील, काच असेल, तर काट्याला काय कळणार? सोन्याला रोजचा भाव असतो, पाचूला नसतो. दोन खडे सारख्या वजनाचे, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या पन्नासपट असू शकते, रंगामुळे, आतल्या रेषांमुळे. मग कच्चा दगड कारागिराकडे जातो, कापून पैलू पाडून परत येतो, आणि मोठी घट येते. किती घट रास्त? ती दगडागणिक बदलते. याच जागी चोरी लपते. शिवाय काही माल जांगड म्हणून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेलेला असतो, पसंत पडला तर विक्री, नाहीतर परत. तो माल कुणाचा? तुमच्या साठ्यात धरायचा की नाही? जांगडची चिठ्ठी किती दिवसांची आहे? समोरचा व्यापारी खरोखर आहे का?

हे सगळं पुस्तकात येत नाही. त्यासाठी कारागिराशेजारी बसावं लागतं, दलाल बोलतात ते ऐकावं लागतं. आणि स्वतःला कळत नाही तिथे जाणकार बोलवावा लागतो. याच शहरात 1972 पासून रत्नपरीक्षण प्रयोगशाळा आहे. दहा खडे निवडून तिकडे पाठवा. मला हे कळत नाही, मी तज्ज्ञाला विचारतो, असं म्हणणाऱ्या ऑडिटरची पत कमी होत नाही, वाढते. मी तरुणांना सांगतो, पहिली पाच वर्षं एखादा धंदा मुळापासून शिका. कुठलाही. हिशेबाची भाषा तुम्हाला येतेच, धंद्याची भाषा शिकली की त्या हिशेबात काय बसत नाही ते आपोआप डोळ्यात भरतं.

खड्यांवरून आठवलं, पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण. मुंबईतली ब्रॅडी हाउस शाखा. हिरे व्यापारी नीरव मोदी आणि त्याच्या नातलगांच्या कंपन्यांना आयातीसाठी हमीपत्रं दिली गेली, ज्यांना एलओयू म्हणत. ती स्विफ्ट या संदेशप्रणालीतून परदेशातल्या शाखांकडे जात. आणि बँकेचे हिशेब होते कोअर बँकिंगमध्ये. या दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. हमी स्विफ्टवरून जायची, हिशेबात तिची नोंदच व्हायची नाही. वहीत नाही म्हणजे ऑडिटरच्या नमुन्यात नाही. एकच अधिकारी 2010 पासून निवृत्तीपर्यंत त्याच जागी होता. तो 2017 मध्ये निवृत्त झाला. जानेवारी 2018 मध्ये कंपनीची माणसं नेहमीप्रमाणे हमीपत्र मागायला आली तेव्हा नव्या माणसांनी विचारलं, शंभर टक्के मार्जिन कुठे आहे? उत्तर आलं, पूर्वी कधी लागलं नाही. मग जुन्या नोंदी शोधल्या, आणि नोंदीच नव्हत्या. फेब्रुवारीत बँकेने शेअर बाजारांना आकडा कळवला तो 11,000 कोटींच्या वर होता.

बघा, एवढा मोठा घोटाळा बाहेर आला तो एका साध्या, नियमातल्या प्रश्नाने. पण तो प्रश्न आधीच्या सात वर्षांत तपासणीला आलेल्यांपैकी कुणी का विचारला नाही? ते सगळे आळशी होते असं मी मानत नाही. त्यांनी वहीत होतं ते तपासलं. वहीत काय यायला हवं होतं आणि आलेलं नाही, हे धंदा कळल्याशिवाय सुचत नाही. शाखेत आयातीचे व्यवहार होतात, तर त्यांचे संदेश जातात कुठून? ते संदेश मला दाखवा. स्विफ्टचे संदेश एका बाजूला आणि कोअर बँकिंगच्या नोंदी दुसऱ्या बाजूला ठेवून जुळवा. आज हे काम संगणक काही मिनिटांत करतो, नमुना काढायचीही गरज नाही, सगळेच्या सगळे व्यवहार जुळवता येतात. म्हणून मुलांनो, एसक्यूएल शिका, डेटा हाताळायला शिका. मात्र कुठल्या दोन याद्या शेजारी ठेवायच्या, हे संगणक तुम्हाला सांगणार नाही.

आता हिमतीचा मुद्दा. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

मराठेशाहीतली एक व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. पेशव्यांच्या काळात मामलेदाराच्या हाताखाली दरखदार असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस वगैरे. मुजुमदाराने हिशेब तपासायचे. काम मामलेदाराच्या कचेरीत, बसणंउठणं त्याच्याबरोबर, पण मामलेदाराला दरखदार काढता येत नसे. त्यांची नेमणूक वरून, त्यांचा हक्क स्वतंत्र. त्यांनी सही केल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. ही व्यवस्था नेहमी चोख चालली असा माझा दावा नाही. पुढे ती वंशपरंपरेत अडकली आणि ढिली पडली. पण तत्त्व पाहा. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्या हातात तपासणाऱ्याची भाकरी ठेवायची नाही.

आपला आजचा कायदा हेच म्हणतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 138 व्या कलमाने सगळ्या सूचिबद्ध कंपन्यांना आणि ठरावीक आकाराच्या इतर कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक सक्तीचा केला. 144 व्या कलमाने वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचं अंतर्गत लेखापरीक्षण करायला मनाई केली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2021 मध्ये बँकांना सांगितलं की अंतर्गत लेखापरीक्षणाच्या प्रमुखाला शक्यतो किमान तीन वर्षं त्या पदावर ठेवा आणि त्याला धंदा आणणाऱ्या विभागांच्या हाताखाली ठेवू नका. सगळं योग्य आहे. पण मुलाखतीला जाल तेव्हा तुम्ही हे विचारता का? पगार विचारता, पद विचारता, रजा विचारता. माझा अहवाल कुणाकडे जातो? माझी पगारवाढ कोण ठरवतं? लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना मला व्यवस्थापन बाहेर बसलेलं असताना भेटता येतं का? हे तीन प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल, तर पुढे वित्तप्रमुखाला अवघड प्रश्न विचारताना काय होईल?

अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीत सिंथिया कूपर अंतर्गत लेखापरीक्षणाची प्रमुख होती. तिचा विभाग रोजच्या कारभारात वित्तप्रमुखाच्या हाताखाली होता, आणि तपासायचं होतं त्याचंच खातं. 2002 च्या उन्हाळ्यात तिच्या लहानशा गटाला भांडवली खर्चात काही चमत्कारिक नोंदी दिसल्या. दुसऱ्या टेलिफोन कंपन्यांची जाळी वापरण्याचं भाडं, म्हणजे रोजचा खर्च, मालमत्ता म्हणून दाखवला जात होता. तोटा नफ्यात बदलत होता. तिच्या एका सहकाऱ्याने संगणकातून नोंदी काढल्या त्या रात्री, कारण दिवसा एवढा डेटा ओढला तर यंत्रणा मंदावते आणि सगळ्यांना कळतं. वित्तप्रमुखाने तिला हे ऑडिट पुढच्या तिमाहीपर्यंत लांबवायला सांगितलं. ती थांबली नाही. ज्याने नोंद घातली त्याला जाऊन विचारलं, याला आधार काय? त्याच्याकडे आधाराचा कागद नव्हता. आणि ती वित्तप्रमुखाला वळसा घालून लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडेही गेली. जूनच्या अखेरीस कंपनीने 3.8 अब्ज डॉलरची खोटी नोंद मान्य केली. शेवटी आकडा 11 अब्जांच्या आसपास गेला.

या गोष्टीत मला धाडसापेक्षा शिस्त जास्त दिसते. तिने आधी पुरावा गोळा केला. संशय घेऊन ती समितीकडे गेली नाही, नोंद क्रमांक आणि रकमा घेऊन गेली. आणि मार्ग चुकली नाही. बातमीदाराकडे गेली नाही, कँटीनमध्ये कुजबुज केली नाही. संस्थेने जो दरवाजा ठेवला होता तोच तिने ठोठावला, आणि ठोठावायला उशीर केला नाही.

याउलट हैदराबादची सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून 7,000 कोटींच्या आसपासचा हिशेबातला घोटाळा कबूल केला. बँकेत जी रक्कम आहे म्हणून वर्षानुवर्षं दाखवली, तिच्यातली बहुतेक नव्हतीच. सत्यममध्ये अंतर्गत लेखापरीक्षण विभाग नव्हता का? होता. एप्रिल 2015 मध्ये विशेष न्यायालयाने ज्या दहा जणांना दोषी ठरवलं त्यांत त्या विभागाचे माजी प्रमुखही होते. शिक्षांना पुढे अपिलात स्थगिती मिळाली, तो भाग वेगळा. पण तरुणांनी हे मनात पक्कं ठेवावं की या खुर्चीवर बसून न बोलणं हेही एक कृत्य आहे, आणि त्याचा जाब विचारला जातो.

आता अहवाल. यावर थोडक्यात, पण नेमकं सांगतो, कारण चांगलं काम वाईट अहवालाने मातीत गेलेलं मी आयुष्यभर पाहत आलो आहे. साठ्याच्या नोंदी समाधानकारक आढळल्या नाहीत, सुधारणा करावी. हे वाक्य वाचून कोण काय करणार? त्याच जागी असं लिहा: समजा, कारागिराकडे दिलेल्या 60 पुड्या तपासल्या, त्यांतल्या 14 परत आल्या तेव्हा वजनाची नोंद त्याच दिवशी झाली नाही, सरासरी नऊ दिवसांनी झाली, कारण आवक लिहिणारा आणि काटा सांभाळणारा माणूस एकच आहे आणि तो आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या शाखेत असतो. आता मालकाला कळतं. काय असायला हवं होतं, काय दिसलं, का झालं, त्याने काय बिघडेल आणि काय करावं. या पाचांत आपले ऑडिटर तिसरं हमखास गाळतात. का झालं? तिथे जायला वेळ लागतो, माणसाशी बोलावं लागतं. आणि बोललं की पुष्कळदा कळतं, चूक त्या कारकुनाची नाहीच, एका माणसावर तीन कामं टाकणाऱ्या साहेबाची आहे.

त्या कारकुनाशी कसं बोलता, यावर तुमचं अर्धं करिअर अवलंबून आहे. मी तुम्हाला पकडायला आलो आहे, असा चेहरा करून गेलात तर तो मागितलेले तेवढेच कागद देईल. आक्षेप अहवालात जाण्याआधी त्याला दाखवा. त्याचं म्हणणं ऐका, पटलं तर आक्षेप काढून टाका, न पटलं तर त्याचं म्हणणं शेजारी छापा. पाच वर्षांनी तोच माणूस तुम्हाला फोन करून सांगतो, साहेब, एकदा वखारीकडे येऊन जा. असे फोन येणं हीच या व्यवसायातली खरी बढती आहे, असं मी मानतो.

शेवटचा मुद्दा पूर्ततेचा. सहकारातल्या मंडळींना दोषदुरुस्ती अहवाल हा शब्द तोंडपाठ आहे. आणि त्यातलं एक वाक्यही तोंडपाठ आहे, यापुढे दक्षता घेण्यात येईल. मागच्या वर्षी हेच, त्याच्या मागच्या वर्षी हेच. आक्षेप तोच, पूर्तता तीच. या वाक्याला पूर्तता म्हणून कधीही मान्यता देऊ नका. दक्षता कोण घेणार, कुठल्या तारखेपासून, आणि ती घेतली हे मी कशावरून तपासू? एवढं लिहून येईपर्यंत आक्षेप उघडाच ठेवा.

हे कशासाठी, तर मागे बसलेल्या ठेवीदारांसाठी. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर 2019 च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. मुंबई-ठाण्यातल्या किती मराठी घरांत त्या दिवाळीला काय झालं असेल, कल्पना करा. एका बांधकाम समूहाची कर्जखाती हजारो बनावट छोट्या खात्यांमागे लपवली होती, आणि ती मूळ खाती संगणकावर मोजक्याच कर्मचाऱ्यांना दिसत होती, असं तपासात पुढे आलं. एका ऑडिटरने, कुठलं खातं कोणाला दिसतं त्याची यादी द्या, एवढं मागितलं असतं तर? आणि नाही मिळाली, तर नाही मिळाली असं अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं असतं तर?

तुम्ही विचाराल, सगळं लिहिलं, तीनदा लिहिलं, व्यवस्थापन ऐकत नाही, मग? जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या जागतिक अंतर्गत लेखापरीक्षण मानकांत याचं उत्तर आहे. व्यवस्थापनाने संस्थेला न पेलणारी जोखीम पत्करली आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी त्यांच्याशी बोला. नाही सुटलं तर संचालक मंडळाकडे न्या. जोखीम दूर करणं तुमचं काम नाही, ती मंडळासमोर ठेवणं तुमचं काम आहे. म्हणून समितीच्या बैठकीत हा विषय तोंडी मांडून उठू नका. ही जोखीम आम्ही जाणून पत्करतो आहोत, असं व्यवस्थापनाचं म्हणणं असेल, तर तेच शब्द, कोण बोललं त्याच्या नावासह, इतिवृत्तात लिहून घ्या. आणि पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय आला, की ते वाचून दाखवा आणि विचारा, या तीन महिन्यांत काय केलं?